गाडीखालचे अंबादासकाका

आमचे शेजारी अंबादासकाका सोळुंके यांच्याशी काही बोलायचं असेल, तर त्यांच्या पायांशी बोलावं लागतं. बाकीचे काका गाडीखाली असतात. रोज नाही, पण रविवारी सकाळी नऊ ते साडेअकरा नक्की. कुरियरवाला येतो आणि पायांना विचारतो, "सोळुंके तुम्हीच का?" उजवा अंगठा हलला की हो. दोन्ही पाय आत ओढले गेले की नाही. गणपती मंडळवाले वर्गणीला आले तेव्हा पाय इतक्या चपळाईनं आत गेले, की खाली खरंच कुणी आहे का ते मंडळाच्या अध्यक्षांनी वाकून पाहिलं.

काका मूळचे पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचे, शेतकरी घरातले. जालन्याच्या एमआयडीसीत एका लोखंडाच्या मिलमध्ये तीस वर्षं फिटर होते, आता निवृत्त आहेत. अंबड रस्त्याकडच्या आमच्या वसाहतीत त्यांचं अंगण आणि माझं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी एका बियाणं कंपनीत कारकून. आठवडाभर मका आणि कापसाच्या पिशव्यांचे आकडे लिहितो आणि रविवारी अंबादासकाकांच्या ताब्यात असतो.

त्यांची गाडी पांढरी, सतरा वर्षांची. महिन्यातून दोनदा बाहेर पडते, एकदा गावाकडे जायला आणि एकदा पेट्रोल भरायला. रस्त्यावर ती जेवढी पुढे गेली असेल, त्याहून अंगणात वर जास्त गेली असेल.

आता गाडी उचलणं म्हणजे आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. जॅक लावायचा. नीट बसला नाही तर खाली एक वीट सरकवायची, विटेवर फरशीचा तुकडा, आणि "धर रे जरा" म्हणत माणूस खाली. काकांकडे हाच कार्यक्रम मुहूर्ताच्या लग्नासारखा चालतो. आधी अंगणात पितळी ताट ठेवून त्यात पाणी ओततात. पाणी एका कडेला जास्त आलं तर जागा बदलायची. मग गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, खाली राहणाऱ्या चाकांना मागून पुढून लाकडी ठोकळे. मग जॅक. मग घोड्या. घोड्या म्हणजे लोखंडी तिपाया, काकांनी स्वतः पाइप कापून वेल्डिंग केलेल्या. गाडीचं वजन जॅकवरून घोड्यांवर उतरलं की काका म्हणतात, "जॅक उचलतो, सुधीरराव. धरत न्हाई." हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं आहे. सासऱ्यांना मी एकदा ते माझ्या साडूबद्दल ऐकवलं होतं.

यानंतर हलवण्याचा विधी. अंगणात असेल त्यानं गाडीला हात लावून जोरात हलवायचं. पेपरवाला, दूधवाला, माझे सासरे, सगळ्यांनी ती हलवलेली आहे. एकदा वसाहतीत मत मागायला आलेल्या उमेदवारालाही काकांनी हलवायला लावली. त्यानं बिचाऱ्यानं कार्यकर्त्यांसकट मनापासून धक्के दिले. त्याला वाटलं गाडी बंद पडली आहे.

गाडी हलली नाही, की काका किल्ली काढून कमरेच्या करदोड्याला बांधतात. म्हणजे आपण खाली असताना वर कुणी गाडी चालू करायचा प्रश्नच नको. आणि मग शेवटचा नियम, ज्यात माझा बळी गेला. "गाडीखाली एकट्यानं जायचं न्हाई. बाजूला माणूस बसेल पाहिजे."

बसणाऱ्या माणसाची कामं अशी. खुर्चीवरून उठायचं नाही. फोन हातात ठेवायचा. कुत्रं, मांजर, पाहुणा, कुणालाही गाडीला टेकू द्यायचं नाही. आणि बोलत राहायचं. "आवाज बंद झाला का मी बाहेर येतो," काका बजावतात. काकू होत्या तोवर ही खुर्ची काकूंची होती. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. सहा महिने गाडी वर गेलीच नाही. मग एका रविवारी काका भिंतीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बसता का?" मला वाटलं चहाला बोलवताहेत.

तेव्हापासून मी दर रविवारी तिथं बसून भाजी निवडतो. बायको जुडी भिंतीवर आणून ठेवते. तिच्या मते माझा रविवार इतका उपयोगी कधीच नव्हता.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. बाहेर उभे असलेले काका दिवसाकाठी वीस शब्द बोलत असतील, त्यात "हो", "न्हाई" आणि "बघू" हेच पंधरा. पण पाठ जमिनीला टेकली की माणूस सुटतो. मिलच्या गोष्टी तर सगळ्या खालूनच आलेल्या. मिलमध्ये सुरक्षा सप्ताह व्हायचा. सात दिवस हेल्मेट मिळायची, पाहुणे यायचे, फोटो निघायचे आणि आठव्या दिवशी हेल्मेट मोजून कपाटात. 'सुरक्षा प्रथम' ही पाटी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये होती, जिथं छताचा पंखा सोडला तर अंगावर पडण्यासारखं काहीच नव्हतं. "साहेबाला मी म्हणलो, पाटी भट्टीकडं लावू. साहेब म्हणले, तिथं खराब होती." हे सांगून काका खाली इतके हसले की पाना हातातून पडला.

समोरच्या घरात शिकवणी घेणारे पाटील सर राहतात. सरांना काकांची पद्धत म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांनी आपली नवी गाडी एकदा जॅक आणि दोन विटांवर उचलली. काका फाटकात जाऊन उभे राहिले.

"दोन मिनिटांचं तर काम आहे काका," सर म्हणाले.

"दोन मिनटंच लागते, सर," काका म्हणाले आणि परत फिरले.

सर चटई आणायला घरात गेले, तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. ते बोलत असतानाच गाडी आपली आपण खाली बसली. चटई अंथरलेली असती तर सर तिच्यावर असते. सगळी वसाहत जमली. सर पांढरे पडले होते, पण शिक्षकच ते. थोड्या वेळानं म्हणाले, "हल्ली विटाही पूर्वीसारख्या भाजत नाहीत." काका घरी जाऊन पाइप कापायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या ओट्यावर दोन घोड्या ठेवलेल्या दिसल्या, नव्या कोऱ्या, लाल रंग दिलेल्या. सरांनी त्यांच्यावर कुंड्या ठेवल्या आहेत.

पण खरी कसोटी लागली ती खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा. वसाहतीतल्या सगळ्या गाड्या धुऊन, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून वीतभर पुढे घेतात. लिंबू चिरडलं की वर्षभर ब्रेक तपासले नाहीत तरी चालतं, अशी श्रद्धा आहे. काका पूजा करतात ती घोड्यांची. गाडी त्यांच्यावर चढवलेली पाहिजे, कारण "ज्याच्या जिवावर आपण खाली जातो, त्याला रिकाम्या हातानं पुजायचं न्हाई." त्या वर्षी त्यांनी चारही चाकं वर घेतली होती. माझ्या बायकोनं भक्तिभावानं हळदकुंकू वाहिलं आणि सवयीनं चारही चाकांखाली चार लिंबं ठेवली. चाकं लिंबांपासून हातभर वर आहेत हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि बाकी बायकांच्याही नाही. हात जोडून सगळ्या गाडी पुढे जायची वाट पाहू लागल्या.

काकांनी लिंबांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं गाडी उतरवायला घेतली. पण आधी लिंबं काढली, कारण चाकाखाली गोल वस्तू असताना गाडी उतरवायची नाही. मग एकेक घोडी. दर घोडीनंतर हलवून बघणं. सव्वा तास गेला. निरांजन दोनदा विझलं. पाटील बाईंना घरी पुरण टाकून आल्याची आठवण झाली. शेवटी गाडी जमिनीला लागली, लिंबं परत ठेवली, काकांनी करदोड्याची किल्ली सोडली, गाडी चालू केली, ॲक्सिलरेटर दिला. गाडी जागची हलेना. गाडी उतरवताना चाकांना लावलेले ठोकळे काढायचे राहिले होते. काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. खिडकीतून मला म्हणाले, "बघा. बराबर लावले होते."

अशी सगळी मजा चालली होती. मग काकांच्या मुलीचा फोन आला.

सुषमा त्यांची एकुलती एक. पुण्याला नोकरी करते, तिथंच लग्न केलं, स्वतःच्या पसंतीनं आणि जातीबाहेर. "सुधीरभाऊ, अण्णांना एकटं किती दिवस ठेवायचं?" ती म्हणाली. "रोज फोन करते. जेवलात का, हो. बरं आहे का, हो. माझ्याकडे येता का, बघू. दोन वर्षं झाली, बघूच चालू आहे." मग म्हणाली, "मला वाटतं माझ्या लग्नाचा राग अजून गेला नाही त्यांचा. तेव्हा आईनं जबरदस्तीनं हो म्हणायला लावलं असेल. माझ्या घरी येऊन राहणं त्यांना नकोच आहे. असं असेल तर तसं सांगा म्हणावं, मी विचारणं सोडून देते. तुमच्याशी बोलतात ना ते?"

तिच्या नवऱ्याच्या ओळखीतून वडीगोद्रीचा एक टायरवाला गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला येणार होता. गाडी गेली की अण्णांचा पाय निघेल असा तिचा हिशोब. मी तिला उत्तर काढून द्यायचं कबूल केलं. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांपुढे मोकळे रविवार दिसायला लागले होते. एका रविवारी तर मी दहा वाजेपर्यंत झोपलेलाही दिसलो.

टायरवाला रविवारी साडेनऊला आला. गाडी घोड्यांवर, काका खाली. मी ओळख करून दिली. काका बाहेर आले, हात पुसले, बाजूला उभे राहिले. टायरवाल्यानं गाडी हलवली, कारण त्याशिवाय काकांनी त्याला खाली जाऊच दिलं नाही. मग तो हातात टॉर्च घेऊन आत सरकला. बराच वेळ आतच होता.

"काका, काय काम करून राह्यले तुम्ही हिचं?" त्यानं खालून विचारलं.

काकांनी पुन्हा फडक्याला हात पुसायला घेतले.

"म्हणजे झालं काय हिला? मला तर काहीच दिसून न्हाई राह्यलं." तो बाहेर आला, कपडे झटकले. "हायवेला रोज वीस गाड्यांखाली जातो मी. इतकी साफ गाडी बघितली न्हाई. फकस्त नट तेवढे उघडून उघडून गोल झाले. चांगले नट कामून उघडता?"

काका त्याच्याकडे बघेनात, माझ्याकडेही बघेनात. "बघू," म्हणाले. टायरवाला फोन करतो म्हणून निघून गेला.

मला खरंच राग आला. दीड वर्षाचे रविवार! किती जुड्या मेथी, किती किलो गवार मी त्या खुर्चीवर बसून निवडली होती. "काका," मी म्हटलं, "गाडीला काहीच झालेलं नाही?"

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग खाली बसले, पाठीवर झाले आणि सरकत आत गेले.

"बसा," खालून आवाज आला.

"मी नाही बसत."

"मंग बोलता येत न्हाई."

मी बसलो.

"काहीच झालं न्हाई गाडीला," काका म्हणाले. "नट खोलतो, परत लावतो. बाहेर असलो का मला बोलता येत न्हाई सुधीरराव. आधीपासून. लगन झालं तव्हा घरात आम्ही अकरा माणसं. आईबापासमोर बायकोशी बोलायची रीत नव्हती. पाणी लागलं तरी भिंतीकडं बघून मागायचं. वरीस झालं तरी मला तिचा आवाज बराबर माहीत नव्हता. भावाची सवारीची जीप होती, ती मी अंगणात दुरुस्त करायचो. एक दिवस खालून म्हणलो, पाना द्या कुणी. ती आली. पाना दिला न् उभी राह्यली. मी म्हणलो, बस. बसली. मी खाली, ती वर. तोंड दिसत न्हाई ना एकमेकाचं, त्याच्यामुळं कुणी काही म्हणू शकत न्हाई. घरच्यांना वाटलं, पाने देऊन राह्यली."

ऐकण्याच्या नादात मी बोलायचं विसरलो. काकांनी आतून पाना आपटून मी आहे का ते पाहिलं. मी खुर्ची वाजवली.

"मंग आईनं हाक मारली, भाकरी टाकायच्या म्हणून. मी खालून सांगितलं, गाडीखाली एकट्यानं राह्यचं न्हाई, कंपनीचा नियम हे. कुठली कंपनी न् कुठला नियम. मी तव्हा मिलमधी लागलो बी नव्हतो. पण आईला पटलं. तव्हापासून गाडी वर गेली का ती बाजूला. मंग पुढं मिलमधी लागलो, तर तिथं खरंच तो नियम लिहेल होता. मी घरी येऊन तिला सांगितलं, तर ती दिवसभर हसत होती."

म्हणजे ज्या नियमानं मला खुर्चीला जखडलं होतं, तो एका नव्या नवऱ्यानं बायको जवळ बसावी म्हणून आईला मारलेली थाप होती. मला हसूही येईना.

"ती गेली," काका म्हणाले, "तर घरात बोलायची जागाच राह्यली न्हाई. सहा महिने मी कुणाशी बोललो न्हाई. मंग तुम्हाला विचारलं. तुमचं काम खराब केलं असंल मी."

"नाही हो," मी म्हटलं. "कसलं काम. झोपलोच असतो." आणि मग विचारलं, "सुषमाकडे का जात नाही?"

खाली एक नट करकरत सुटला. "तिच्या घरी समोरासमोर सोफ्यावर बसतेत. मी तिथं काय बोलणार? ती म्हणंल, बाप अजून रागावेल हे."

मी घरी येऊन सुषमाला फोन केला. "गिऱ्हाईक राहू द्या," म्हटलं. "तुम्ही या. रविवारी नऊच्या आत. आणि आल्या आल्या काही विचारू नका, नुसत्या बसा." तिला काही कळलं नाही, पण ती आली. मी तिला खुर्ची दाखवली, बसणाऱ्या माणसाची कामं समजावली, गाडी आम्ही दोघांनी हलवली. मग मी भिंतीपलीकडे माझ्या ओट्यावर मेथीची जुडी घेऊन बसलो. ऐकू येईल अशा जागी बसलो, हेही सांगून टाकतो.

पहिला अर्धा तास नट उघडल्याचे आवाज. ती ट्रॅफिकचं बोलली, ऑफिसचं बोलली. खालून "हं" येत होतं. मग तिनं विचारलं, "अण्णा, आई काय बोलायची इथं बसून?"

"तुझंच," काका म्हणाले. "दुसरं काय बोलणार. तुला ताप आल्ता ते, तू वर्गात पहिली आल्ती ते. मला समदं इथंच कळायचं. तुझ्या लग्नाचं बी तिनं इथंच सांगितलं. मी तिरमिरीत उठायला गेलो, कपाळ आपटलं. ती म्हणली, पडून राहा न् आइका."

"मग?"

"आइकलं. अर्ध्या तासानं हो म्हणलो."

"आईनं जबरदस्ती केली ना?"

"न्हाई. बिलकुल न्हाई. हो माझंच हे. पण ते इथून म्हणलो म्हणून झालं. बाहेर असतो तर न्हाई म्हणलो असतो. बाहेर समदे लोक असते."

मी भिंतीवरून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. सुषमानं ओढणी तोंडाला लावली होती. बसणाऱ्या माणसानं गप्प राहायचं नसतं, म्हणून मीच खाकरलो.

"अण्णा," ती म्हणाली, "मग माझ्याकडे यायलाही आता हो म्हणा. बाहेर यायच्या आधी म्हणा."

"तिथं गाडी उचलू देतेत का?"

"विचारते. नाही दिली तर नुसते खाली जाऊन पडा. मी बसते."

"घोड्या लावल्याबिगर कसं जाणार?" काका म्हणाले. मग पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला आणि ते म्हणाले, "येतो."

मी जुडी उचलून घरात गेलो. बायको स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. "काय झालं पलीकडे?" तिनं न वळता विचारलं. मला तिला पुष्कळ काही सांगावंसं वाटत होतं, काकांचं आणि त्याशिवायचंही, लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी सांगायचं राहिलेलं. "काही नाही, मेथी झाली निवडून," मी म्हटलं. आमच्याकडे मोटारसायकल आहे. तिच्याखाली माणूस मावत नाही.